बिबट्यासाठी लावलेले सिनेमे

यंदाही साखर कारखान्याचा बॉयलर पेटला आणि आमच्या वस्तीवर संध्याकाळी पाचला कड्या लागायला सुरुवात झाली. सून दोरीवरची धुणी ओढून आत आणते, मुलगा गोठ्याच्या जाळीला कुलूप घालतो, आणि मी पलंगावर बसून दाराकडं बघत राहते. आमचं दार लोखंडी आहे. ते बंद झालं की डब्यात बसल्यासारखं होतं. बाहेर अजून पिवळं ऊन असतं, खिडकीच्या जाळीतून ते भिंतीवर चौकटी चौकटींनी पडतं, आणि आपण आत.

आमची वस्ती नेवाशापासून पाच-सहा किलोमीटरवर, प्रवरेच्या अंगाला. चारी बाजूंनी ऊस. उसात घर असणं म्हणजे काय, ते उसात राहिल्याशिवाय कळायचं नाही. जूनमध्ये अंगणातून डांबरी रस्ता दिसतो, रस्त्यावरून जाणारी एसटी दिसते, पलीकडच्या वस्तीवर कोणाच्या घरी पाहुणे आले तेही दिसतं. दिवाळीपर्यंत सगळं झाकून जातं. मग नुसती सळसळ ऐकायची आणि वारा आहे की आणखी काही, ते आपलं आपण ठरवायचं.

आणखी काही म्हणजे बिबट्या. ऊसतोड सुरू झाली की तो एका शेतातून दुसऱ्या शेतात सरकत जातो. ज्याचा ऊस सगळ्यात शेवटी तुटतो त्याच्याकडं तो मुक्कामाला. दोन वर्षांपूर्वी तो मान आमचा होता.

त्या हिवाळ्याबद्दलच मला लिहायचंय. तो हिवाळा आठवला की मला आधी सिनेमे आठवतात, आणि मग माझी नात ऋतुजा आठवते. ती तेव्हा बारावीला होती. सिनेमे हसत हसत आठवतात. ऋतूचं तसं हसत आठवत नाही, कारण त्यात माझी चूक आहे.

झालं असं, की शेजारच्या वस्तीवरून बिबट्यानं वासरू नेलं. माझा मुलगा बाळासाहेब घाबरला. घाबरट नाही तो, रात्रपाळीच्या लाइटीवर एकटा पाणी भरणारा माणूस आहे. पण वासरानंतर त्याची झोप गेली. कोणीतरी सांगितलं की आवाज चालू ठेवला की जनावर जवळ येत नाही. फाट्यावर शब्बीरचं लग्नाचे स्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान आहे. आमच्या घरातलाच तो, माझ्या हातची शेंगोळी खाऊन वाढलेला. त्यानं एक मोठा स्पीकर आणून गोठ्याच्या मागं उसाकडं तोंड करून ठेवला आणि त्याची वायर आतल्या टीव्हीला जोडली.

"मावशी, नुसती गानी लावू नका," तो म्हणाला. "गानं संपलं की मधी गप हुतंय. शिनेमा लावा. अडीच तास मानसं बोलत ऱ्हात्यात."

आणि त्यानं माझ्या हातात पेनड्राईव्ह दिला. त्यात साठ-सत्तर सिनेमे होते, देवाचे, मारामारीचे, रडायचे, भुताचे, इंग्रजीचे हिंदी केलेले, सगळे एकाच पोत्यात भरल्यासारखे. साडेपाचला सिनेमा सुरू व्हायचा आणि जेवणं होईपर्यंत चालायचा. कोणता लावायचा ते मी ठरवायची आणि ऋतू रिमोट चालवायची.

मला सिनेमाचं वेड लहानपणापासूनचं. आमच्या गावच्या जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. मधोमध दोर बांधलेला असायचा, दोराच्या एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष. मध्यंतर झालं की माझे वडील दोराच्या पलीकडून हात करायचे, म्हणजे उठा आणि चला. पुढचा भाग संपेपर्यंत उशीर होतो, पोरीबाळींनी थांबायचं नाही. त्यामुळं लग्न होईपर्यंत मी एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही. घरी येताना बैलगाडीत पडून मीच शेवट रचायची. माझ्या शेवटांत सगळ्या बाया आपापल्या घरी सुखरूप पोचायच्या. पुढं खरे शेवट बघायला मिळाले, तेव्हा कळलं की सिनेमावाल्यांना एवढं साधं सुचत नाही. शाळा माझी चौथीपर्यंत. त्यानंतरचं वाचन मी पडद्यावर येणारी नावं वाचून, किराणाच्या पुड्यांचे कागद वाचून केलं, म्हणून माझ्या मतांना कोणी फार मान देऊ नये. पण मतं मला आहेत, आणि भरपूर आहेत.

तर बिबट्यासाठी सगळ्यात चांगला सिनेमा म्हणजे दक्षिणेकडचा, हिंदीत बोलणारा. त्यात कोणी साधं चालत नाही. हिरो गाडीतून उतरला तरी जमीन हादरते, नारळ पडतात, दहा माणसं उडतात. गोठ्यातली म्हैस पहिले दोन दिवस दचकली, मग रवंथ करत ऐकायला लागली. माझी तक्रार एवढीच, की त्यातली पोरगी तीन गाणी झाली की नाहीशी होते आणि शेवटी एकदम खांबाला बांधलेली सापडते. मधल्या दीड तासात ती काय करते, कुठं जेवते, कोणी विचारत नाही. ऋतू म्हणायची, "आज्जी, तिला सुट्टी असती." मी म्हणायची, सुट्टी कसली, तिच्या हाती काही दिलं असतं तर सिनेमा अर्ध्या तासात आटोपला असता.

रडायचे मराठी सिनेमे मी एके काळी पदर ओला होईपर्यंत पाहिले. आता सासू झाल्यापासून त्यांच्यावर माझा राग आहे. त्यात सासू नुसती छळते. का छळते, तिची पाठ दुखते का, तिला कोणी कधी विचारलं होतं का, काही नाही. आणि सून नुसती सोसते. सगळ्यांना वाढते आणि आपण पाणी पिऊन झोपते. माझी सून मंदा एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "हिला एकदा बसून जेवू द्या वो कुनीतरी." तेवढं एक वाक्य त्या सिनेमात असतं तर मी तो पुन्हा पाहिला असता.

सिनेमा खरा की खोटा हे ओळखायची माझी एक खूण आहे. मी हात बघते. चेहरा सगळ्यांना येतो, हात येत नाहीत. भाकरी थापणारीच्या हाताकडं बघा, परातीत पीठ कुठं आणि ती थापते कुठं. चुलीपुढं बसलेल्या बाईच्या डोळ्यांत धूर जात नाही. पेनड्राईव्हमध्ये एक बक्षीस मिळालेला मराठी सिनेमा होता. त्यात पाऊण तास कोणी बोलत नाही. डोंगर दिसतो, मग बकरी दिसते, मग पुन्हा डोंगर. बाळासाहेब बाहेरून ओरडला की स्पीकर बंद पडला का म्हणून. बिबट्यासाठी तो अगदी कुचकामाचा. पण त्यात एक बाई ज्वारी निवडते, आणि खरंच निवडते. खडा दिसला की तिचं बोट आधी जातं आणि नजर मागून येते. मी ते दोनदा मागं घेऊन पाहिलं. बाळासाहेबाच्या भीतीनं मग मारामारीचा लावावा लागला.

प्रेमाच्या सिनेमात पळून जायला रेल्वे लागते. आमच्या तालुक्यात रेल्वेच नाही. इथली पोरंपोरी पळतात ती मोटारसायकलवरून, आणि शेवगावच्या पुढं पेट्रोल संपतं. भुताचे सिनेमे मात्र त्या हिवाळ्यात आम्ही हसत पाहिले. बाहेर काही वाजलं की त्यातली बाई दिवा घेऊन बघायला जाते. आमच्यात कोणी गेलं असतं का. आमच्याकडं पत्र्यावर मांजर चाललं तरी चार माणसं श्वास धरून बसायची आणि भुताचा आवाज आणखी वाढवायची.

इंग्रजीचा हिंदी केलेला एक होता. त्यात एक माणूस बर्फात एकटा अडकतो. खायला नाही, बोलायला नाही. भिंतीवर रेघा मारून दिवस मोजतो. मंदाला तो फार आवडला. मी बघत होते आणि मला काहीतरी टोचत होतं, कळेना काय. मग कळलं. त्या माणसाला निदान घरी जायचं होतं. आम्ही घरातच अडकलो होतो. आम्ही सुटून जायचं म्हणजे कुठं जायचं?

ऋतू त्या दिवशी भिंतीला टेकून बसली होती.

तिचं सांगते. ऋतू नेवाशाला कॉलेजला जायची, सायन्सला. सकाळी सातची एसटी, परत यायला साडेपाच. हिवाळ्यात साडेपाच म्हणजे उसातली पायवाट अंधारायला लागलेली. वासरू गेलं त्याच आठवड्यात बाळासाहेबानं जेवताना विषय काढला. बिबट्या सापडेपर्यंत तिनं घरीच अभ्यास करावा, असं त्याचं म्हणणं. ऋतूनं माझ्याकडं पाहिलं. बाळासाहेबानंही माझ्याकडं पाहिलं. आमच्या घरात शेवटचं माझ्याकडं येतं, आणि मी म्हणाले, "राहू दे घरी. जीव वाचला तर शिक्षण."

हे मी भीतीनं म्हणाले, हे खरं. पण सगळं खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. पोर दिवसभर घरात, संध्याकाळी माझ्या शेजारी. कोरियाच्या मालिका दाखवायची, खालच्या इंग्रजी ओळी मला मराठीत वाचून सांगायची. आमचे हे गेल्यापासून माझ्या शेजारी बसून कोणी सिनेमा पाहिला नव्हता. म्हाताऱ्या माणसाला सोबत किती गोड लागते, आणि त्या गोडीत आपण काय काय गिळतो, ते तेव्हा कळत नाही.

पहिले पंधरा दिवस ती रोज विचारायची, पप्पा, सापडला का. मैत्रिणीकडून फोनवर वहीचे फोटो मागवायची. रात्री दप्तर भरून ठेवायची, जणू सकाळी जायचंच आहे. मग शेवगावच्या एका घरून तिच्यासाठी विचारणा आली. माणसं चांगली, मुलगा नागापूरच्या एमआयडीसीत कामाला. बाळासाहेब म्हणाला, परीक्षा होऊ द्या, मग बघू. पण तो म्हणाला ते असं, की परीक्षा म्हणजे मधली एक अडचण.

डिसेंबरच्या शेवटी वन खात्याच्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला. सगळ्या वस्त्यांवरची माणसं बघायला लोटली. मीही गेले, मंदाच्या खांद्याला धरून. सिनेमात वाघ-सिंह येतात तेव्हा आधी ढोल वाजतात, त्यांच्या डोळ्यांत आग असते. हा कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. नाकाला पिंजऱ्याचा गज लागून सोललेलं. पोरं मोबाईल पुढं करत होती आणि तो आमच्या पलीकडं, उसाकडं बघत होता.

खात्याचा माणूस गोठ्यामागं फिरून आला. ठिबकच्या नळीतून पाणी गळून तिथली माती ओली होती. त्यानं बाळासाहेबाला बोलावून ठसे दाखवले. स्पीकरपासून पंधरा-वीस पावलांवर जनावर रोज येऊन बसत होतं. बसल्याची जागाच पडली होती, माती दबून गुळगुळीत झालेली. तो माणूस म्हणाला, की नवा आवाज असला तर जनावर दूर राहतं. रोज त्याच वेळी, तिथूनच, तसलाच आवाज आला की त्याला समजतं, यातून काही होत नाही. मग त्याला सवय होते.

म्हणजे दीड महिना आम्ही त्याला सिनेमे दाखवत होतो. शब्बीरला कळल्यावर तो दुकानात बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. बाळासाहेबालाही हसू आलं. मीही हसले. आणि हसता हसता माझी नजर ऋतूकडं गेली. सगळी माणसं गोठ्यामागं धावली होती, आणि ती ओट्यावर बसून लसूण सोलत होती.

मला एकदम आठवलं, की हिनं बऱ्याच दिवसांत विचारलंच नाही. सापडला का, मी जाऊ का, काहीच नाही. दप्तर पलंगाखाली सरकलेलं मी झाडताना पाहिलं होतं आणि झाडू त्याच्या भोवतीनं फिरवला होता. पाच वाजले की कोणी न सांगता ती दाराला कडी लावायची.

बिबट्या गाडीत घालून नेला. दुसऱ्या दिवशी मला वाटलं आता पोर सुटली. बाळासाहेब म्हणाला, आणखी एक आहे म्हणतात, मादी. चार दिवसांनी म्हणाला, ऊस तुटू दे. मग म्हणाला, आता राहिलेत किती दिवस, परीक्षेपुरती गाडीवर सोडेन मी. तो खोटं बोलत नव्हता. प्रत्येक वेळी त्याला ते खरंच वाटत होतं. मी ओळखते माझ्या मुलाला. त्यालाही सवय झाली होती.

मग एका संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. प्रॅक्टिकलच्या वहीवर सरांची सही घ्यायचा उद्या शेवटचा दिवस. सही नाही तर प्रॅक्टिकलला बसता येणार नाही, आणि तिथं बसली नाही तर बारावी गेली. बाळासाहेबानं सरांना फोन लावला. मी वही पाठवतो म्हणाला. सर म्हणाले, मुलीनं यायचं, तिनंच दाखवायची. बाळासाहेबाला सकाळी पाण्याची पाळी होती. त्यानं फोन ठेवला आणि म्हणाला, बघू.

आमच्या घरात बघू म्हटलं की ते तिथंच संपतं. टीव्हीवर कसलासा देवाचा सिनेमा चालू होता. देव प्रकट होऊन बेड्या तोडत होते. असल्या सिनेमात मला एकच अडचण वाटते. देव येईपर्यंत सगळे हात जोडून बसलेले असतात.

सकाळी सहाला बाळासाहेब मोटार चालू करायला गेला. मी ऋतूला हलवलं. पलंगाखालून दप्तर ओढून तिच्यापुढं ठेवलं. ती माझ्याकडं बघत राहिली.

"उठ, मी येते तुझ्यासंगं," मी म्हणाले.

मंदानं एका फडक्यात दोन भाकऱ्या बांधून दिल्या आणि दार उघडलं.

घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत पाऊण किलोमीटरची पायवाट. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. धुकं होतं. मी एका हातात काठी धरलेली, दुसऱ्या हातात तिचं मनगट. अर्ध्यात गेलो आणि माझा गुडघा अडकला. दुखत तर होताच, पण खोटं कशाला लिहू, मी घाबरले होते. पानांतून दव गळत होतं आणि प्रत्येक थेंब मला पाऊल वाटत होता. पडद्यावरच्या इतक्या बायांना मी नावं ठेवली, आणि माझा पाय पुढंही पडेना, मागंही पडेना. लांबून एसटीचा आवाज आला.

ऋतूनं हळूच मनगट सोडवून घेतलं. मला बांधावर बसवलं, शाल नीट केली.

"आज्जी, तू इथंच बस. मी जाते."

ती गेली. धुक्यात तिची पांढरी ओढणी थोडा वेळ दिसली. पळत होती की चालत होती ते मला कळलं नाही. एसटी थांबली, दार आपटलं, पुन्हा निघाली. मग सळसळ.

किती वेळ बसले होते कोण जाणे. बाळासाहेब हाका मारत आला, पाय चिखलानं भरलेले. त्यानं आधी मला पाहिलं, मग माझ्या पलीकडं रिकाम्या वाटेकडं.

"ऋतू कुठंय?"

"गाडीत बसली."

"कुनासंगं?"

"एकटी."

तो मटकन खाली बसला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. मी म्हणाले, "बाळा, राहू दे घरी असं मी म्हनले हुते. चुकलं माझं. ते मी माघारी घेते." इतकी वर्षं आई असून मी त्याला चुकलं असं कधी म्हटलं नव्हतं. तो उसाकडं बघत बसला. मग माझ्या काखेत हात घालून मला उठवलं आणि घरी आणून सोडलं.

आता ऋतू नगरला नर्सिंगला आहे. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहितात, तोंडात अजून नगरच येतं. शेवगावच्या मुलाचं दुसरीकडं जमलं. इथं ऊस पुन्हा डोक्याच्या वर गेलाय, माझा गुडघा आता उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही, आणि पाच वाजले की कडी लागते. फोनवर बोलताना ती विचारते, आत कंटाळा येतो का. मी येत नाही म्हणते. येतो. पण तिच्यासाठी मला येत नाही म्हणायला आवडतं.

ती सहीसाठी गेली त्या दिवशीची संध्याकाळ मी पाहिलेली नाही, मी आत होते. ती मला ऋतूनं सांगितली, आणि मी ती इतक्या वेळा ऐकली आहे की पाहिल्यासारखीच आहे. सव्वापाचला एसटी थांबली तेव्हा बाळासाहेब फाट्यावर उभा होता. चार वाजल्यापासून उभा होता असं टपरीवाल्यानं नंतर सांगितलं. ती उतरली आणि घाबरून तिनं आधी वहीच पुढं केली, सही दाखवायला. त्यानं वही घेतली आणि सही सोडून पहिल्या पानापासून चाळायला लागला. एका पानावर थांबला. विटांच्या भिंतीसारखं चित्र होतं, एकाला एक लागून बारीक बारीक चौकोन, प्रत्येकात एक ठिपका.

"हे काय?"

"कांद्याची साल, पप्पा. सूक्ष्मदर्शकाखाली अशी दिसती."

आमच्या घरात तीन पिढ्या कांदा पिकतो. त्यानं वही डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. "एवढ्या खोल्या असत्यात व्हय कांद्यात," तो म्हणाला. मग वही मिटली, तिच्या हातातलं दप्तर आपल्या खांद्याला लावलं आणि उसातल्या वाटेला लागला. ती मागून चालत होती. घर दिसायला लागलं तेव्हा मागं न बघता त्यानं विचारलं,

"उद्या पन सातचीच गाडी का?"